झावळ्यांच्या रविवारची पायरी

नाताळ अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला, की तुम्ही इतकी वर्षं मुलांमध्ये सेवा केलीत, तर दोन-चार आशीर्वादित अनुभव लिहून द्या. आशीर्वादित अनुभव माझ्याकडे नाहीत असं नाही. पण ते मंडळीच्या प्रत्येक वार्षिक सभेत सांगून झालेत आणि ऐकणाऱ्यांना आता ते माझ्यापेक्षा चांगले येतात. म्हणून जो कधीच सांगितला नाही, तो लिहिते. छापायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

मी महाडच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, सेविका होते. सेविका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हळू आवाजात बोलणारी, पांढऱ्या साडीतली बाई येते. माझा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा आणि पांढरी साडी महाडच्या चिखलात कोण नेसणार? काम असं होतं: रविवारी उपासनेच्या आधी मुलांची शब्बाथ शाळा, आणि इतर दिवशी घरभेटी. आमची घरं मोजकीच. दवाखान्यातल्या नर्सबाई, एमआयडीसीत कामाला असलेली चार-सहा कुटुंबं, एक-दोन मास्तर, बाकीची पोलादपूरपर्यंत विखुरलेली. बुधवारी मी एसटीनं निघायची. तुडीलला एक घर, कापड्याला एक घर, असं करत फिरायची. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत फ्लॅनेलचा बोर्ड. त्या कापडावर कागदाची माणसं चिकटवायची आणि गोष्ट सांगायची. पावसाळ्याच्या दमट हवेत ती चिकटत नसत. मेंढपाळ पोरगा गोफण घेऊन उभा, आणि समोरचा धिप्पाड योद्धा गोफणीचा दगड लागायच्या आधीच जमिनीवर पालथा. पोरं खूश व्हायची. मी मात्र रागवायची, कारण गोष्टीचा क्रम बिघडलेला मला खपत नसे.

क्रम बिघडलेला खपत नाही, हीच माझी सगळी सेवा असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत होती. चर्चमध्ये पुढे, वेदीच्या अलीकडे, दगडाची एक पायरी आहे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या, ईस्टरच्या, आधीच्या रविवारी, बारा वर्षं झालेल्या मुलांनी एकेकट्यानं त्या पायरीवर उभं राहायचं. सगळी मंडळी समोर. सेविकेनं प्रश्नोत्तरांच्या पुस्तकातले कुठलेही पाच प्रश्न विचारायचे. पुस्तक तळहाताएवढं, प्रश्न बहात्तर. देव कोण, पाप म्हणजे काय, प्रार्थना म्हणजे काय. उत्तर पुस्तकातल्या शब्दांत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मध्ये कुणी सांगायचं नाही, आईबापांनी तर ओठसुद्धा हलवायचे नाहीत. एक उत्तर चुकलं की खाली बसायचं, पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. पास झालेलं पोर त्या दिवसापासून मोठ्यांच्या बाकावर बसे, नापास झालेलं पुन्हा सतरंजीवर, लहानग्यांत. आणखी एक नियम होता, तो माझ्या आधीच्या बाईंनी घातलेला आणि मी मन लावून पाळलेला: सलग तीन रविवार गैरहजर राहिलं, की त्या पोराचं नाव पाठाच्या यादीतून कमी, आणि यादीत नाव नसेल तर पायरीही नाही.

मला ह्या रीतीचा अभिमान होता. बाहेरगावच्या चर्चचे पाळक पाहुणे आले की म्हणायचे, "महाडची मुलं म्हणजे महाडची मुलं." मी मान खाली घालून नम्रपणे हसायची आणि आतून फुगायची.

विजय नावाचा एक मुलगा होता, एमआयडीसीतल्या फिटरचा. त्यानं पाचही उत्तरं अशी धाडधाड म्हटली, की पाहुण्या पाळकांनी कौतुकानं सहावा प्रश्न विचारला, बेचाळिसावा. पोरगं थांबलं. म्हणालं, "सर, पहिल्यापासून म्हणू का? मधूनच येत नाही." माझे पाच प्रश्न मी त्याला आदल्या आठवड्यात सांगून ठेवले होते, हे आज कबूल करते. मंडळी हसली, पाळक हसले, आणि विजय पहिल्यापासून सुरू होऊन बेचाळिसाव्यापर्यंत गेला. कॅसेट लावल्यासारखा. त्या वर्षीचं बक्षीस त्यालाच मिळालं. विजय आता परदेशात असतो. स्वतःच्या लग्नाला आला होता तेव्हा चर्चमध्ये दिसला, त्यानंतर नाही. त्याच्या आईला मी विचारलं, तिकडे उपासनेला जातो का? ती म्हणाली, "टीचर, त्याला वेळ कुठाय?" बहात्तरच्या बहात्तर येणारा मुलगा. असो.

आता मनीषाचं सांगते.

कापड्याला आमचं जे एकुलतं एक घर होतं, ते पारूबाईंचं. नवरा मुंबईला वॉचमन. तिकडेच एका चर्चच्या आवारात नोकरी करता करता त्यानं बाप्तिस्मा घेतला, पुढे बायकोनंही घेतला, आणि बायको गावी भातशेती सांभाळत राहिली. गावानं त्यांना काही त्रास दिला असं नाही. फक्त लग्नाकार्यात त्या दोघी मायलेकी जराशा बाजूला बसायच्या. मनीषा ही त्यांची मुलगी. अंगानं किरकोळ, डोळे मोठे, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. दर रविवारी मायलेकी पहाटे उठून पोलादपूरपर्यंत चालत यायच्या आणि तिथून एसटीनं महाडला. माझ्या वर्गात सगळ्यात लांबून येणारं पोर तेच, आणि सगळ्यात आधी येऊन बसणारंही तेच. मी दार उघडायला जायची, तर ही ओसरीवर बसलेली. मला बघून म्हणायची, "टीचर, आज कुठली गोष्ट?"

पाठांतर तिला जमत नव्हतं असंही नाही. पण ती शब्द बदलायची. मी सांगायची, पुस्तकात आहे तसं म्हण. ती म्हणायची, हो टीचर. आणि पुन्हा आपल्या शब्दांत.

तिच्या झावळ्यांच्या रविवारी चर्च भरलेलं होतं. तिची आई मागच्या भिंतीला टेकून उभी होती. नवं लुगडं, डोक्यावरून पदर. तीन प्रश्न मनीषानं नीट पार केले. चौथा मी विचारला, प्रार्थना म्हणजे काय? पुस्तकातलं उत्तर साडेतीन ओळींचं आहे, एका दमात म्हणायचं. तिनं सुरुवात केली, दोन शब्दांवर अडली. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली:

"माझी आई चुलीपुढं बसते आणि येशूला सगळं सांगते. म्हैस दूध देत नाय ते, बाबांचं पत्र आलं नाय ते. मग जरा वेळ गप बसते. मी विचारलं, गप का बसलीस? तर बोलली, आता त्याला पण बोलू दे की गो."

चर्चमध्ये हसू फुटलं. वाईट हसणारे लोक नव्हते ते, पोरीचं कौतुक वाटूनच हसले असतील. पण मला ते हसणं झोंबलं. महाडच्या मुलांची परीक्षा, आणि म्हशीचं दूध. मी म्हणाले, "पुस्तकातलं उत्तर सांग." तिनं आईकडे बघितलं. मी पुन्हा म्हणाले. तिची नजर आईवरच. तेव्हा मी, जसं आधी किती तरी पोरांना म्हणाले होते तसं, "खाली बस" म्हणाले. ती सतरंजीवर जाऊन बसली, लहानग्यांत, पाठमोरी.

उपासना झाल्यावर पारूबाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "टीचर, तिला येत होतं. घाबरली ती." मी म्हणाले, एक वर्षाचं काय ते, पुढच्या वर्षी येईल. मी हे खरोखर चांगल्या मनानं म्हणाले, हेच मला आज सहन होत नाही. मनात खोट असती, तर एवढं लागलं नसतं.

त्यानंतर मे महिन्यापर्यंत त्या येत राहिल्या. मग पाऊस, मग लावणी. जूनपासून मनीषाच्या नावापुढे नुसत्या गैरहजेरीच्या फुल्या. तिसऱ्या फुलीला मी यादीतल्या तिच्या नावावर लाल शाईनं रेघ मारली. नियम होता. एका बुधवारी कापड्याला गेलेही, नाही असं नाही. घराला कडी होती, माणसं शेतावर. शेत कुठलं ते विचारून बांधावर जाता आलं असतं, पण परतीची एसटी चुकली असती. मी दारात उभी राहून छोटी प्रार्थना केली आणि परत आले. भेटवहीत लिहिलं: भेट दिली, घरी कुणी नव्हतं. पुढे कुणाकडून तरी कळलं, की पारूबाई आजारपणात गेल्या आणि बापानं मुलीला मुंबईला नेलं. मला वाईट वाटलं. वाईट वाटणं ह्याच्या पलीकडे मी काही केलं नाही.

वर्षं गेली. पुराच्या वर्षापर्यंत मी तशीच होते.

त्या पुराबद्दल महाडकरांना काही सांगायला नको. चर्चमध्ये पाणी खिडक्यांच्या वर गेलं. उतरलं तेव्हा आत गुडघाभर गाळ. बाकं फुगून उकललेली, फ्लॅनेलचा बोर्ड सापडलाच नाही, आणि प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांचा गठ्ठा होता तिथे चिखलाची एक वीट होती. मी ती वीट हातात घेऊन तशीच उभी राहिले. शब्बाथ शाळा कुठे भरवायची, हा प्रश्न. आमच्या गल्लीत इस्माईलभाई राहतात, त्यांचा ट्रकचा धंदा. त्यांच्या दोन गाड्या पुरात गेल्या होत्या. तरी ते स्वतः आले आणि म्हणाले, वरची खोली रिकामी आहे, पोरांना तिथे बसवा. त्यांच्या घरातून पहिल्या रविवारी चहा-बिस्किटं वर आली. इस्माईलभाईंच्या बायकोला आम्ही सगळे आपा म्हणतो. त्यांनी दारातून पोरांकडे बघितलं. पोरं माझ्या शिस्तीत, हाताची घडी घालून, रांगेत. आपा मला हळूच म्हणाल्या, "टीचर, कोण वारलं काय?"

मला हसू आलं आणि रागही. पण खरी अडचण पुढे होती. पुस्तक नाही, बोर्ड नाही, चित्रं नाहीत, आणि समोर बारा पोरं. काय करायचं? काहीच सुचेना म्हणून विचारलं, पूर आला तेव्हा तुम्ही काय केलंत? आणि पोरं बोलायला लागली. असं बोलणं मी माझ्या वर्गात कधी ऐकलं नव्हतं. एकीनं सांगितलं, गच्चीवर आजी मोठ्यानं गाणी म्हणत होती आणि मला त्यामुळे जास्त भीती वाटली. एकजण म्हणाला, मी देवाला शिव्या दिल्या, चालतं का? आणि आमच्या नर्सबाईंचा धाकटा, सात वर्षांचा, म्हणाला, "मी देवाला बोललो, आमच्या मांजरीला पण वर घे. मग मी गप बसलो, तो काय बोलतो ते ऐकायला."

मी त्याला विचारलं नाही, काय बोलला म्हणून. माझ्यानं विचारवलंच नाही. त्या खोलीत, चिखलाच्या वासात, मला पायरीवर उभी राहिलेली कापड्याची मनीषा दिसली. तिचं उत्तर बरोबर होतं. पुस्तकातल्यापेक्षा बरोबर होतं. आणि हे कळायला मला माझं पुस्तक वाहून जावं लागलं.

त्यानंतर पंचांच्या सभेत मी ठराव मांडला, की झावळ्यांच्या रविवारची परीक्षा बंद करावी, तीन रविवारांचा नियम बंद करावा, पोरांना मोठ्यांच्या बाकावर हवं तेव्हा बसू द्यावं. सगळे माझ्याकडे बघत राहिले. ही सूचना दुसऱ्या कुणी केली असती तर मीच पदर खोचून उभी राहिले असते, हे सगळ्यांना माहीत होतं. आमचे अण्णा, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, मंडळीतले सगळ्यात जुने पंच, फार दुखावले. त्यांचे आजोबा त्या पायरीवर उभे राहिले होते, वडील राहिले होते, ते स्वतः राहिले होते. ते म्हणाले, "उद्या पोरांना काहीच येणार नाही टीचर, आणि तुम्ही म्हणाल, प्रेम तर आहे." तरुण पाळकांनी मतं घेतली. ठराव पास झाला. अण्णा चहा न घेता घरी गेले आणि वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

अण्णा अगदीच चुकीचं बोलत नव्हते. आता आमची पोरं गोल बसतात, प्रश्न विचारतात, एकमेकांसाठी प्रार्थना करतात, पण सलग चार ओळी पाठ म्हणायला सांगितल्या तर छताकडे बघतात. माझे यजमान गेले तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. तेव्हा कामाला आलं ते एकोणिसावं उत्तर, लहानपणी छडीच्या धाकानं पाठ केलेलं. ते मी पुन्हा पुन्हा म्हणत बसले. ह्या पोरांना तशा वेळी काय आठवेल? मला माहीत नाही. हल्ली अण्णा प्लास्टिकची खुर्ची घेऊन आमच्या वर्गाच्या मागे येऊन बसतात. "गोंधळ फार आहे," म्हणतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येतात. त्यांच्यासाठी मी वर्गात एक वचन पाठ करून घेते. दर रविवारी फक्त एक.

निवृत्त झाल्यावर मला पोलादपूरच्या एका नर्सबाईंकडून कळलं, की मनीषा वर डोंगरात, कुडपणला नांदते. नात्यातच दिलेली. तिथल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. मी आठ दिवस विचार केला, आणि मग जीपनं वर गेले. जीप परत जायला तासभर होता.

अंगणवाडी भरलेली होती. मी दाराशी थांबले, तिनं मला पाहिलं नव्हतं. एक चार वर्षांचं पोर मधोमध उभं राहून गाणं म्हणत होतं आणि दुसऱ्याच ओळीला अडकलं. मनीषा खाली बसली, पोराच्या उंचीला आली, आणि त्याच्याबरोबर पुढची ओळ म्हणायला लागली. पोराचा आवाज चढला, तसा तिनं आपला उतरवला. शेवटची ओळ ते एकटंच म्हणालं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अडलेल्या पोराला अशी ओळ पुरवण्याला मी माझ्या सगळ्या सेवेत फसवणूक म्हणत आले होते.

तिनं मला लगेच ओळखलं. अंगणवाडी सुटल्यावर घरी नेलं, चहा केला, नाचणीची भाकरी खाऊन जा म्हणाली. घरात देव्हारा होता, सासूबाई होत्या, आणि एक दहा-अकरा वर्षांची मुलगी होती, आईसारख्याच डोळ्यांची. सासूबाई उठून बाहेर गेल्यावर मी म्हणाले, मनीषा, त्या दिवशी माझं चुकलं. तुझं उत्तर बरोबर होतं, मी तुला खाली बसवायला नको होतं. मला माफ कर.

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "आम्ही पुढच्या वर्साला आलो होतो, टीचर. तुम्हाला ठाव नसंल."

मला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी पावसाळ्यापासून पारूबाईंना सारखा ताप येत होता, म्हणून रविवार चुकले. पण घरी आईनं तिच्याकडून सगळं पुस्तक पाठ करून घेतलं, बहात्तरच्या बहात्तर, शब्द न बदलता. वाचता येत नसलेली बाई. शेजारच्या मास्तरांच्या मुलीला बसवून तिच्याकडून तपासून घ्यायची. झावळ्यांच्या रविवारी दोघी महाडला आल्या. उशीर झालेला, म्हणून ओसरीवरच थांबल्या. आत मी पायरीवर येणाऱ्या मुलांची नावं वाचत होते. "तुम्ही समदी नावं वाचलीत. आमचं नव्हतं. आई बोलली, चल गो." आणि त्या आल्या तशा परत गेल्या. पारूबाई त्यानंतर चार महिन्यांनी गेल्या.

लाल शाईची रेघ मीच मारली होती. मी रडले, आणि तिनं मला पाण्याचा तांब्या दिला. रडणं थांबल्यावर, काही तरी बरं सांगायचं म्हणून, मी तिला सगळं सांगितलं. आता परीक्षा नाही. पायरी नाही, यादी नाही, नाव कमी करणं नाही. पोरं आपल्या शब्दांत बोलतात, कुणी हसत नाही. तुझ्या मुलीला पाठव, तूही ये, मी स्वतः एसटी स्टँडवर घ्यायला येईन. मी उत्साहानं बोलत होते. मला वाटत होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. तिची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून आमच्याकडे बघत होती. मनीषा म्हणाली, "बंद करता येत होतं, टीचर? मग आमच्या वक्ताला का नाय केलंत?"

रागानं विचारलं नाही. खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं विचारलं, आणि थांबली. नियम होता म्हणावं, तर नियम मोडायला मला एक सभा पुरली होती. तेव्हा कळलं नाही म्हणावं, तर तिनं स्वतः बाराव्या वर्षी सगळ्यांसमोर मला ते सांगितलं होतं. खालून जीपचा हॉर्न वाजला. तिनं माझी पिशवी उचलली, जीपपर्यंत सोडायला आली, ड्रायव्हरला माझं गुडघ्याचं दुखणं सांगून पुढची जागा मिळवून दिली.

त्याला आता दोन वर्षं होत आली. रविवारी मी अजून वर्गात जाते, नवीन सेविकेला मदत म्हणून. पोलादपूरकडची एसटी येते त्या वेळेला स्टँडवर जाऊन उभी राहते. आजवर त्या दोघींपैकी कुणी उतरलेलं नाही.